परदेशात शिकायचंय? आधी वरठीत बसून हिशेब करा

शिष्यवृत्त्या आहेत, कर्जही मिळतं. पण कोणत्या दारात आधी जायचं आणि कोणत्या कागदावर सगळ्यात शेवटी सही करायची, हे कळलं तर घर गहाण न टाकताही विमानात बसता येतं.

वरठीच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर 'वरठी' हे नाव नाही. तिथं लिहिलंय 'भंडारा रोड'. तुमच्यापैकी अनेक जण इथूनच रोज नागपूरला कॉलेजला जात असाल. याच स्टेशनवर गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस थांबते. ती पुण्यावरून कोल्हापूरला जाते आणि तिथल्या स्टेशनचं नाव आहे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. त्याच राजाच्या नावानं राज्य सरकारची एक परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचं काम बघणारं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, याच गाडीच्या वाटेवर. म्हणजे गाडी तुमच्या दारातून जाते. ती आपल्यासाठी आहे, हे मात्र अनेकांना शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत कुणी सांगितलेलं नसतं.

मग नेहमीचंच होतं. बीई किंवा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला नागपूरच्या एखाद्या हॉटेलात 'स्टडी अब्रॉड' सेमिनार असतो. गुळगुळीत ब्रोशर, चकाचक कॅम्पसचे फोटो आणि 'लोन का टेन्शन मत लो, हो जाएगा' असं सांगणारा हसरा कन्सल्टंट. घरी येऊन आकडा सांगितला की आई गप्प होते आणि आजी म्हणते, "कायले पायजे इतक्या दूर?" पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर तुम्ही विषय सोडून देता, नाहीतर थेट बँकेत जाऊन कर्जाचा फॉर्म भरता. दोन्ही निर्णय हिशेब न करता घेतलेले असतात.

म्हणून आज तो हिशेबच करूया. सूत्र सोपं आहे: आधी फुकटचे पैसे, मग विद्यापीठाचे पैसे, मग बिनव्याजी पैसे आणि सगळ्यात शेवटी बँकेचे पैसे. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि तिथंच फसतात.

बाबासाहेबांनी पैसे कसे उभे केले?

१९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या भंडाऱ्यातून लढले आणि हरले, हे घरात कुणीतरी सांगितलं असेल. पण त्यांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च कसा भागला, हे क्वचितच कुणी सांगतं. तुमच्या कामाची गोष्ट ती आहे.

१९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार होता: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. कोलंबियानंतर ते लंडनला गेले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. बडोद्यात त्यांना जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही. मुंबईला येऊन त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. तेव्हा हाताशी होती स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज.

बघा, यात सगळं आलं. शिष्यवृत्ती, तिची अट, ती मध्येच संपणं, प्रवेश राखून ठेवणं, दोन-तीन वर्षं नोकरी करून बचत, थोडी मदत आणि शेवटी उरलेल्या फटीपुरतं कर्ज. शंभर वर्षांत चलन बदललं, व्हिसा आला, पण पैसे उभे करायची रीत हीच आहे.

पहिलं दार: सरकारी शिष्यवृत्ती

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. राज्यभरातून ७५ जागा, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. वयाची मर्यादा पदव्युत्तरला ३५ आणि पीएचडीला ४०. यात विद्यापीठाची फी, राहण्या-खाण्याचा भत्ता आणि विमानाचं भाडं मिळतं.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वेगळी. तिच्या १२५ जागा आहेत. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आणि उरलेल्या भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. भंडाऱ्यात पितळी भांडी घडवणाऱ्या घरातल्या मुलांनी आणि दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के आणि विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये, या तिच्या मुख्य अटी. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. अमेरिकेत जाणाऱ्याला वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनला जाणाऱ्याला ९,९०० पौंड निर्वाह भत्ता आहे.

अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची आणि राज्याच्या आदिवासी विकास विभागाची, अशा दोन वेगळ्या योजना आहेत. ओबीसी, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी राज्याची योजना आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची, महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावानं. खुल्या प्रवर्गातल्या मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही राज्याची योजना आहे. जागा, उत्पन्नमर्यादा आणि क्रमवारीची अट यात दर एक-दोन वर्षांनी बदल होतो. म्हणून मागच्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर विसंबू नका, चालू वर्षाची जाहिरात आणि शासन निर्णय स्वतः वाचा. मराठीतच असतो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, या योजनांना 'अनकंडिशनल ऑफर लेटर' लागतं, म्हणजे कुठलीही अट न घातलेला प्रवेश. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल बाकी असेल तर विद्यापीठ सहसा अट घालूनच ऑफर देतं. निकाल लागला की लगेच मार्कशीट पाठवून ती अट काढून घ्या.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. निवडयादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या या योजनेत १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती निवडपत्रं मिळाली. बाकीच्यांना सांगण्यात आलं, निधी उपलब्ध झाला तर. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावर व्याज अनुदान देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना तर २०२२-२३ पासून बंदच झाली. म्हणून हातात नेहमी दुसरा पर्याय ठेवा आणि विद्यापीठाला विचारा, "माझा प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवाल का?" याला डेफरल म्हणतात. अनेक विद्यापीठं हो म्हणतात, फक्त तुम्ही विचारायला हवं.

दुसरं दार: तिकडचे पैसे

परदेशी सरकारं आणि विद्यापीठं स्वतःच पैसे देतात, जात-उत्पन्न न विचारता. इथं स्पर्धा मोठी आहे, पण अर्ज करायला बहुधा काही पडत नाही.

ब्रिटनची चेव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च देते. तिला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप आहे, तिला किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. युरोपची इरास्मस मुंडस मात्र ताज्या पदवीधरालाही मिळू शकते. दोन किंवा अधिक देशांत शिकायचं, फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो.

अमेरिकेबद्दल एक गोष्ट सेमिनारमध्ये सहसा कुणी सांगत नाही. तिथं मास्टर्सला पैसे द्यावे लागतात, पण चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला बहुतेक वेळा विद्यापीठच पैसे देतं. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून काम करायचं, त्या बदल्यात फी माफ आणि दरमहा मानधन. चार वर्षांची पदवी असेल तर अनेक विषयांत थेट पीएचडीला अर्ज करता येतो. संशोधनाची खरंच आवड असेल तर हा रस्ता कर्जाशिवाय जातो.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. पण 'जर्मनी फुकट' असं म्हणणाऱ्याला विचारा, ब्लॉक्ड अकाउंटचं काय? व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे सुमारे १२ लाख रुपये. ते तुमचेच असतात आणि महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, पण निघण्याआधी उभे करावे लागतात. कॅनडानं तर ही रक्कम १०,००० डॉलरवरून वाढवत सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली आहे, आणि त्यात फी धरलेली नाही.

तिसरं दार: कर्ज, पण व्याज नाही किंवा कमी

शिष्यवृत्ती आणि बँकेचं कर्ज यांच्या मधली एक पायरी असते, 'लोन स्कॉलरशिप'. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा त्यातला सगळ्यात जुना. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे त्याचेच स्कॉलर. के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनही पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. यातून सगळा खर्च निघत नाही. पण बँकेचं कर्ज तेवढ्यानं कमी होतं आणि खरा फायदा तिथंच आहे.

ओबीसी विद्यार्थ्यांनी आणखी एक दार वाजवावं. राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. बँकेकडून परदेशी शिक्षणासाठी घेतलेल्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज, हप्ते वेळेवर भरले तर, ठराविक मर्यादेत परत मिळतं.

चौथं दार: बँक

आता बँक. सरकारी बँकांची शिक्षणकर्जाची ठरलेली चौकट अशी: चार लाखांपर्यंत तारण नाही, चार ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी, त्यापुढे मालमत्तेचं तारण. आई किंवा बाबा सहकर्जदार असतातच. चार लाखांच्या पुढे परदेशासाठी खर्चाचा १५ टक्के वाटा तुमचा. कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षानं हप्ते सुरू होतात आणि ते १५ वर्षांपर्यंत चालू शकतात.

आणि इथंच आपल्याकडची गाडी अडते. बाबा म्हणतात, "पाच एकर धानाची शेती आहे, ठेवू ना तारण." बहुतेक बँका शेतजमीन घेत नाहीत. कारण कायद्यात आहे. कर्ज थकलं तर ज्या सरफेसी कायद्यानं बँक कोर्टात न जाता तारण जप्त करते, तो शेतजमिनीला लागूच होत नाही. म्हणून बँकेला हवा अकृषक प्लॉट, कागद स्वच्छ असलेलं घर, मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी. गावठाणातलं आजोबांच्या नावावरचं घर, ज्यावर तीन काकांचा हिस्सा आहे, ते चालवायचं तर वारस नोंदी आणि सगळ्यांच्या सह्या लागतील. या कामाला महिने जातात. ऑफर लेटर आल्यावर सुरू केलं तर उशीर झालाच म्हणून समजा.

मग तारण न मागणाऱ्या खासगी वित्तसंस्था पुढे येतात. दोन दिवसांत मंजुरी, गोड आवाज. त्यांच्याकडे जायला हरकत नाही, पण चार प्रश्न लेखी विचारा. व्याजदर स्थिर की बदलता? प्रोसेसिंग फी किती? शिकत असताना व्याज भरावं लागेल का? मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का? आणि हो, अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात थोडी सूट देतात, ती मागून घ्या.

'पीएम विद्यालक्ष्मी' हे नाव ऐकून खूश होऊ नका. ती योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

वरठीची कसोटी

कागद-पेन घ्या. समजा २० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दोन वर्षांचा कोर्स आणि वर जवळपास एक वर्षाची सवलत. सोपं पडावं म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरू. तीन वर्षांचं साधं व्याज सहा लाख. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज झालं २६ लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिना हप्ता सुमारे ३४,४०० रुपये. एकूण परतफेड ४१ लाखांच्या वर.

आता तेच कर्ज, पण शिकत असताना घरून किंवा पार्टटाइम कामातून फक्त व्याज भरलं, महिना सुमारे १६,७०० रुपये. मग हप्ता २६,४०० वर येतो आणि एकूण साडेतीन लाख वाचतात. आणि कर्जच १० लाखांवर आणलं तर? शिकताना व्याज भरलं तर हप्ता उरतो साधारण १३,२०० रुपये.

आता कसोटीचा प्रश्न. परदेशात नोकरी मिळालीच नाही आणि तुम्ही परत आलात, तर नागपूर-पुण्याच्या सुरुवातीच्या पगारात यातला कोणता हप्ता भरता येईल?

नोकरी मिळेलच, असं मनात येतंय ना? मिळावीच. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. त्या वेळी तिथं शिकत असलेल्यांनी कर्ज घेताना हे गृहीत धरलं नव्हतं. रुपयाचंही तसंच. २०१४ मध्ये साधारण ६० रुपयांना मिळणारा डॉलर २०२५ मध्ये ८५ च्या वर गेला. तुमचं कर्ज रुपयात आणि फी डॉलरमध्ये, म्हणजे दुसऱ्या वर्षाची फी न वाढताही वाढते. यातलं काहीच तुमच्या हातात नाही. कर्जाचा आकडा मात्र आहे.

आणि सहकर्जदार या शब्दाचा अर्थ घरी नीट समजावून सांगा. हप्ते थकले तर तुम्ही टोरंटोत असाल, पण नोटीस वरठीत येईल. सिबिल तुमचा बिघडेल आणि बाबांचाही. सनफ्लॅगमधून पाच वर्षांनी निवृत्त होणारे बाबा तेव्हा हप्ता कुठून भरतील, हे आजच बोला. जेवताना, सगळ्यांसमोर.

दीड वर्षाचं वेळापत्रक

समजा कोर्स सप्टेंबरमध्ये सुरू होणार. तर त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्चपासून कामाला लागा.

• मार्च ते जून: पासपोर्ट, उत्पन्न आणि अधिवास दाखला, जात प्रमाणपत्र आणि पडताळणी. नाव तपासा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि पासपोर्टवर बाबांचं नाव गायब, असं असेल तर आताच दुरुस्त करा. तारणाच्या घराचे कागदही याच काळात बघा.

• जुलै ते सप्टेंबर: आयईएलटीएस किंवा जीआरई. पहिल्याचा निकाल दोन वर्षं चालतो, दुसऱ्याचा पाच. नागपूर विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट मागवा. शिफारसपत्रासाठी सरांना आठवडाभर नाही, महिनाभर आधी सांगा.

• ऑगस्ट ते जानेवारी: चेव्हनिंग, इरास्मस आणि विद्यापीठांचे अर्ज. सहा विद्यापीठं पुरेत. अर्जाची फी माफ करता येईल का, हा एक ईमेल नक्की टाका.

• डिसेंबर ते मार्च: टाटा आणि इतर ट्रस्टचे अर्ज.

• मार्च ते जुलै: ऑफरमधली अट काढून घेणं, सरकारी शिष्यवृत्तीच्या जाहिरातीवर नजर, बँकेची मंजुरी, व्हिसा. कर्ज मंजूर झालं म्हणून सगळं उचलायलाच हवं असं नाही. शिष्यवृत्ती आली तर कमी उचला.

कन्सल्टंटकडे जायचं असेल तर जा. पण 'फुकट' सल्ला देणाऱ्याला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून ज्या विद्यापीठाकडून त्याला काही मिळत नाही, ते तो सहसा सुचवत नाही. विद्यापीठांची यादी तुम्ही करा, फॉर्म भरायला फार तर त्याची मदत घ्या.

आणि या वर्षी नाही जमलं तर? दोन वर्षं नोकरी करा. अनुभव मागणाऱ्या शिष्यवृत्त्यांची दारं तेव्हाच उघडतात, थोडी बचत होते आणि कर्ज तेवढं कमी लागतं. उशीर झाला म्हणून कुणी मागे राहत नाही. बाबासाहेब १९२० मध्ये लंडनला परत गेले तेव्हा २९ वर्षांचे होते.

या रविवारी एवढंच करा: दहावीची मार्कशीट, आधार आणि उत्पन्नाचा दाखला शेजारी शेजारी ठेवून तिन्हीवरचं नाव जुळतं का ते बघा. जुळत नसेल तर सोमवारी तहसील उघडतंच.